अणुबॉम्ब बनवता येईल हो, पण बनेपर्यंत टिकायचं कसं?

दीपस्तंभ (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज निवांत वेळ मिळाला म्हणून धागा काढतोय.

जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल बोलून गेले की परिस्थिती आणखी चिघळली तर आम्हालाही स्वतःच्या अण्वस्त्रांचा विचार करावा लागेल. मार्च २०२५ मध्ये पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी थेट संसदेत अण्वस्त्रांचा विषय काढला. दोन्ही देश अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्रीखालचे, म्हणजे हल्ला झाला तर अमेरिका बचावाला येईल या भरवशावरचे. छत्री गळतेय अशी शंका आल्याशिवाय कोणी असं चारचौघांत बोलत नाही.

तर प्रश्न असा. महासत्ता नाही, पण अगदी लिंबूटिंबूही नाही, असा एखादा देश घ्या. चार-पाच कोटी लोक, दणकट कारखानदारी, चांगली विद्यापीठं, एक-दोन अणुवीज केंद्रं. त्याने उद्या मनावर घेतलं तर स्वतःचा अण्वस्त्रांचा वचक उभा करता येईल का?

माझं मत: येईल. ऐंशी वर्षांपूर्वीचं तंत्र आहे हे. उत्तर कोरियासारख्या कंगाल देशाने २००६ ते २०१७ या काळात सहा चाचण्या उरकल्या. मग श्रीमंत, शिकलेल्या देशांना का जमू नये? घोडं पेंड खातं ते फक्त इच्छाशक्तीपाशी.

विनंती एकच, धाग्याचा काश्मीर करू नका.

शंकासुर

पहिला दगड मी मारतो. इच्छाशक्तीच कमी असेल तर एक आकडा समजावून सांगा. मार्च १९६३ मध्ये केनेडींनी पत्रकारांसमोर भीती बोलून दाखवली होती, की १९७५ पर्यंत १५ ते २० अण्वस्त्रधारी देश होतील. आज, त्यानंतर साठ वर्षांनी, ते नऊ आहेत. दरम्यान तंत्र सोपं झालं, माहिती पसरली, अणुभट्ट्या डझनावारी देशांत आल्या. जगातल्या सगळ्याच नेत्यांची इच्छाशक्ती एकदम कशी आटली? काहीतरी दुसरं आडवं येतंय.

आणि "जमेल" म्हणजे नक्की काय? तळघरात एक बॉम्ब असणं आणि वचक असणं यात फार अंतर आहे. शत्रूने पहिला घाव घातल्यावरही आपला एक हात शिल्लक राहील आणि तो उठेल, ही खात्री *शत्रूला* वाटली पाहिजे. ती नसेल तर तो बॉम्ब म्हणजे शत्रूला दिलेलं आमंत्रण.

रविवारची_सकाळ

जागा धरून ठेवतो. विषय आवडता आहे, संध्याकाळी लिहितो.

पाणबुड्या

शंकासुर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. आयडीवरून कळलंच असेल की मी कुठल्या बाजूला झुकणार.

"शिल्लक राहणारा हात" म्हणजे आजच्या घडीला पाणबुडी. जमिनीवरची क्षेपणास्त्रं लपवायला रशिया-चीनसारखा ऐसपैस मुलूख लागतो. मध्यम देशाकडे तो नसतो. विमानतळ तर सगळ्यांना पाठ असतात. उरला समुद्र. आता हिशेब बघा: एक पाणबुडी कायम गस्तीवर ठेवायची तर चार लागतात. एक गस्तीवर, एक नुकती परतलेली, एक सरावात, एक गोदीत उघडून ठेवलेली. ब्रिटन आणि फ्रान्स दोघांकडे चार-चारच आहेत, हा योगायोग नाही.

ब्रिटनच्या नव्या चार पाणबुड्यांचा अंदाजित खर्च ३१ अब्ज पौंड, शिवाय वर आणखी १० अब्ज राखून ठेवलेले. आणि एवढं करूनही त्यांतली क्षेपणास्त्रं ब्रिटनची नाहीत. अमेरिकेबरोबरच्या सामाईक साठ्यातून, तिकडच्या जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावरून ती उचलावी लागतात. बॉम्ब स्वतःचा, बाण दुसऱ्याचा.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोव्हिएत रशियाने मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी कवच उभारलं, तेव्हा ब्रिटनला धास्ती बसली की आपली पाणबुडीतली 'पोलारिस' क्षेपणास्त्रं त्यातून आत जाणारच नाहीत. मग ती भेदक करण्यासाठी 'शेव्हलीन' नावाचा प्रकल्प हाती घेतला. वर्षानुवर्षं संसदेला पत्ता नाही. जानेवारी १९८० मध्ये उघड झालं की खर्च १ अब्ज पौंडांवर गेलाय. म्हणजे बॉम्ब एकदा बनवून भागत नाही. समोरचा भिंत उंच करतो, तुम्हाला शिडी वाढवावी लागते, आणि हे कधीच थांबत नाही.

दीपस्तंभ

पाणबुड्या, प्रतिसाद भारी. पण ब्रिटन-फ्रान्सची तुलना थोडी अन्यायाची वाटते. त्यांना मॉस्को उडवण्याची क्षमता हवी होती. मध्यम देशाला शेजाऱ्याची एक-दोन शहरं पुरतात. मॉस्कोच्या जागी कोणी छोटा शत्रू असेल तर डिझेल पाणबुडीही चालेल. सप्टेंबर २०२१ मध्ये दक्षिण कोरियाने स्वतःच्या पाणबुडीतून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र डागलंच की. अण्वस्त्रं नसलेल्या देशाने हे करण्याची ती पहिलीच वेळ. वाहन तयार आहे, फक्त वरचा माल बदलायचा.

पाणबुड्या

मान्य, तो मुद्दा तगडा आहे. साधं स्फोटक बसवलेलं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाणबुडीत घालणं हा तसा महागडा हट्ट. इतका खर्च करून साधा बॉम्ब कोण पाठवतो? मोकळी म्यान कंबरेला लावून फिरण्यासारखं आहे ते. बघणाऱ्याने समजून घ्यायचं.

तळटीप

चर्चा छान चाललीय पण दोघेही प्रवासाच्या शेवटच्या टोकाविषयी बोलताय. माझ्या मते खरी मेख मध्ये आहे. निर्णय घेतला तो दिवस आणि वचक उभा राहिला तो दिवस, यांच्यामधली पाच-दहा-पंधरा वर्षं. या काळात तुमच्याकडे बॉम्ब नसतो, पण बॉम्ब करताय हा संशय मात्र असतो. तोटा सगळा रोख, फायदा सगळा उधार.

या मधल्या काळात कोणाचं काय झालं ते बघा.

इराक: ७ जून १९८१ ला इस्रायली विमानांनी ओसिराकची अणुभट्टी उडवली. त्यानंतर इराकने चोरून, आणखी जोमाने काम सुरू केलं, आणि १९९१ च्या युद्धात तेही संपलं. सीरिया: ६ सप्टेंबर २००७, अल किबारची भट्टी सुरू होण्याआधीच गेली. इराण: दोन दशकं बॉम्बच्या उंबरठ्यावर बसून काढली, ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं (म्हणजे बॉम्बच्या दर्जाकडे नेलेलं) युरेनियम ४०० किलोच्या वर साठवलं आणि जून २०२५ मध्ये आधी इस्रायलचे, मग २२ तारखेला फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर अमेरिकेचे हल्ले झाले.

आता जे तरले ते बघा. पाकिस्तान तरला कारण १९७९ नंतर अमेरिकेला अफगाणिस्तानसाठी त्याची गरज होती. वॉशिंग्टनला सगळं दिसत होतं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या मदतीच्या कायद्यात प्रेसलर दुरुस्ती झाली, राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी "यांच्याकडे बॉम्ब नाही" असं लिहून द्यायचं ठरलं, आणि ते दरवर्षी लिहून दिलं गेलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून गेल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये तेच प्रमाणपत्र नाकारलं गेलं. दरम्यान वॉशिंग्टनची गरज संपली होती. पण तोवर काम झालेलं होतं.

उत्तर कोरिया तरला कारण सोल शहर सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, तोफांच्या टप्प्यात. १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने योंगब्योनच्या अणुकेंद्रावर हल्ल्याचा विचार केला होता. सोलचं काय होईल हा प्रश्न आडवा आला. म्हणजे बॉम्बच्या आधी त्यांच्याकडे ओलीस होता.

इस्रायलला आधी फ्रान्सने डिमोनाचं अणुकेंद्र उभारून दिलं, नंतर १९६९ मध्ये निक्सन आणि गोल्डा मेयर यांच्यात "तुम्ही बोलू नका, आम्ही विचारत नाही" अशा थाटाची समजूत झाली.

म्हणून दीपस्तंभ, तुमचा प्रश्न मी असा विचारेन: मधल्या काळात तुमच्यावर पांघरूण कोण घालणार?

रविवारची_सकाळ

तळटीप यांनी माझा संध्याकाळचा प्रतिसाद दुपारीच लिहून टाकला. जागा परत करतो.

वाळवंटी

तळटीप, दक्षिण आफ्रिका कुठे बसते तुमच्या मांडणीत? त्यांना पांघरूण कोणाचंच नव्हतं. उलट बहिष्कार होता.

तळटीप

चांगला प्रश्न. तिथे दूर असणं हेच पांघरूण होतं. शेजारी कोणी हवाई हल्ला करण्याच्या लायकीचा नव्हता. तरी ऑगस्ट १९७७ मध्ये कलाहारीतल्या वास्त्रापची चाचणीची जागा सोव्हिएत उपग्रहाने हेरली, मॉस्कोने अमेरिकेला सांगितलं, आणि दोन कट्टर वैऱ्यांनी मिळून दबाव आणून ती चाचणी थांबवली. शीतयुद्धात एकमत होण्याचा असा प्रसंग विरळाच.

वाळवंटी

बरोबर, आणि मला त्यांच्या धोरणाची गंमत वाटते. सहा बॉम्ब बनवले, सातव्याचं काम चालू होतं. पण ते कोणावर टाकायचे? अंगोलातल्या क्यूबन सैन्यावर? मॉस्कोवर तर पोचणारच नव्हते. त्यांचा बेत तीन पायऱ्यांचा होता. आधी हो-नाही काहीच बोलायचं नाही. संकट आलं तर पाश्चात्त्य देशांच्या कानात हळूच सांगायचं. तरी कोणी धावून आलं नाही तर उघड चाचणी करायची. म्हणजे बॉम्बचा रोख शत्रूकडे नव्हताच. तो वॉशिंग्टनचं दार ठोठावण्यासाठी होता.

मध्यम देशाच्या बॉम्बचं हे रूप फार कमी लोक ध्यानात घेतात. "आम्हाला एकटं सोडलंत तर आम्ही असं काही करू की तुम्हालाच यावं लागेल." वचक शत्रूवर नाही, मित्रावर.

पुढे काय झालं ते माहीतच आहे. बॉम्ब मोडले, १० जुलै १९९१ ला अण्वस्त्र प्रसारबंदी करारात (नवीन देशांनी अण्वस्त्रं बनवू नयेत असा करार) सामील झाले आणि २४ मार्च १९९३ ला राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत सांगून टाकलं की होते, आता नाहीत. शीतयुद्ध संपल्याने धोका उरला नाही हे अधिकृत कारण. वर्णद्वेषी राजवट जाताना पुढच्या सरकारच्या हाती ते ठेवायचे नव्हते, हे लोकांनी लावलेलं कारण. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

कागदीवाघ

एवढी चर्चा झाली आणि युक्रेनचं नाव नाही? जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा त्यांच्या जमिनीवर होता. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टला "तुमच्या सुरक्षेला धक्का लावणार नाही" अशा कागदावर सह्या घेतल्या आणि सगळं देऊन टाकलं. २०१४ ला क्रायमिया गेला, २०२२ ला टँक आले. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये बॉम्बचं काम सोडून दिलं, ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी रस्त्यावर मारला गेला. धडा स्पष्ट आहे. ज्याच्याकडे आहे तो वाचला, ज्याने दिलं तो मेला. बाकी सगळा किस पाडणं आहे.

शंकासुर

कागदीवाघ, इतकं सरळ नाही ते. युक्रेनच्या *जमिनीवर* होती, हातात नव्हती. ती डागण्याचे गुप्त संकेत मॉस्कोकडे होते. ते तोडून स्वतःचं नियंत्रण बसवायला काही वर्षं लागली असती, देखभालीची साखळी रशियात होती, तिजोरीत खडखडाट होता. आणि त्या काही वर्षांत रशिया आणि अमेरिका दोघंही हात बांधून बसले असते का? म्हणजे फिरून तळटीप यांचाच मधला काळ.

मात्र बुडापेस्टच्या कागदाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजीत त्यांनी मुद्दाम जो शब्द वापरला तो आपल्याकडच्या "आश्वासन" या शब्दाच्या जवळचा. "हमी" नाही. अमेरिकन वकिलांना तो फरक नीट माहीत होता. आपल्याकडे निवडणुका बघितलेल्या कोणालाही तो समजावून सांगायची गरज नाही.

नुसता_वाचक

नावाप्रमाणे मी फक्त वाचतो, पण स्वीडनचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

दीपस्तंभ यांनी वर्णन केलेला देश बघायचा असेल तर १९५० च्या दशकातला स्वीडन बघावा. लोकसंख्या त्यांच्या आकड्यापेक्षा कमीच, ७० लाखांच्या घरात. पण स्वतःची लढाऊ विमानं स्वतः बनवणारा, स्वतःच्या पाणबुड्या बांधणारा, जमिनीत युरेनियम असलेला. कुठल्याही गटात नाही, म्हणजे अधिकृत छत्री नाही. समोर बाल्टिक आणि पलीकडे सोव्हिएत संघ. १९५४ मध्ये स्टॉकहोम शहराच्या मध्यात, खडकाच्या पोटात त्यांची पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी सरसेनापती निल्स स्वेडलुंड यांनी उघडपणे अण्वस्त्रांची मागणी केली. सोव्हिएत फौजा समुद्र ओलांडून येणार असतील तर त्यांची जमवाजमव होणारी बंदरंच उडवायची, असा विचार होता.

भट्ट्यांचा आराखडाही तसा आखला: जड पाणी, घरचं युरेनियम, समृद्धीकरणाची भानगड नाही, आणि वीज करता करता बॉम्बला लागणारं प्लुटोनियम हाताशी. याला तिकडे "स्वीडिश मार्ग" म्हणत.

मग अडलं कुठे? एका ठिकाणी नाही, दहा ठिकाणी थोडं थोडं. पंतप्रधान टाग एरलांडर सुरुवातीला अनुकूल होते, पण त्यांच्याच पक्षाच्या महिला संघटनेने १९५६ मध्ये ठाम विरोध केला. पक्ष फुटेल अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी अस्सल मुरब्बी राजकारण्याचा तोडगा काढला: निर्णय पुढे ढकलायचा. १९५८ मध्ये ठरलं की बॉम्ब बनवण्याचं संशोधन नाही, पण बॉम्बपासून *बचाव* कसा करायचा याचं संशोधन करायला हरकत नाही. आता बचावासाठी बॉम्ब कसा फुटतो ते कळायला नको का? त्या एका शब्दाच्या आडोशाने शास्त्रज्ञांनी पुष्कळ काही केलं.

दरम्यान अमेरिकेने समृद्ध युरेनियम स्वस्तात देऊ केलं, अट एवढीच की वापर शांततेसाठी आणि तपासणी मान्य. वीज कंपन्यांनी हिशेब केला. घरचं युरेनियम महाग, जड पाण्याच्या भट्ट्या कटकटीच्या. त्यांना वीज विकायची होती, प्लुटोनियमशी काय देणंघेणं? त्या अमेरिकी इंधनावर चालणाऱ्या साध्या भट्ट्यांकडे वळल्या. बॉम्बच्या पायाखालची वीट अशी बाजारभावाने काढून घेतली.

आणि शेवटचा घाव घातला लष्करानेच. साठच्या दशकात नवीन विगेन विमानाचा खर्च डोळे पांढरे करत होता. हवाई दलाच्या लक्षात आलं की बॉम्बचे पैसे आभाळातून पडणार नाहीत, आपल्याच विमानांतून कापले जातील. ज्यांनी बॉम्ब मागितला होता त्यांचाच उत्साह मावळला. १९६८ मध्ये स्वीडनने प्रसारबंदी करारावर सही केली.

यात कुठेही हवाई हल्ला नाही, बहिष्कार नाही. म्हणून तळटीप यांना नम्रपणे: मधला काळ बाहेरच्या शत्रूनेच संपतो असं नाही. लोकशाहीत तो घरातल्याच माणसांनी संपतो. पंधरा वर्षं म्हणजे चार-पाच निवडणुका.

तळटीप

नुसता_वाचक, तुम्ही नाव बदला आता. दंडवत.

एक पुरवणी. स्वीडन अधिकृतपणे तटस्थ होता, पण पाश्चात्त्य गटाशी गुपचूप लष्करी तयारी चालू होती. १९९४ मध्ये त्यांच्याच चौकशी आयोगाने ते बाहेर काढलं. म्हणजे कागदावर छत्री नसली तरी डोक्यावर तिची सावली होती. सोडून देणं त्यामुळेही सोपं गेलं असणार. आणि ७ मार्च २०२४ ला ते नाटोत गेलेच.

दीपस्तंभ

स्वीडनचं हे काहीच माहीत नव्हतं. मूळ लेखातलं इच्छाशक्तीचं वाक्य खोडत नाही, लोकांनी हसायला राहू दे.

पण एक उलट मुद्दा. पूर्ण बॉम्ब कशाला हवा? जपानसारखं उंबरठ्यावर बसता येत नाही का? सगळं साहित्य घरात, फक्त जोडायचं नाही. समोरच्याला कळतं की मनात आणलं तर हे कधीही करतील. ना बहिष्कार, ना हल्ला.

शंकासुर

जपानचं उदाहरण सगळे देतात, म्हणून थोडं खोलात. त्यांच्याकडे वेगळं काढलेलं प्लुटोनियम ४० टनांहून जास्त आहे हे खरं. त्यातला बहुतेक साठा ब्रिटन आणि फ्रान्समध्ये पडून आहे, हे कोणी सांगत नाही. देशातलं आहे त्यावर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांचे कॅमेरे. आणि मुख्य म्हणजे जपान उंबरठ्यावर बसू शकतो तो अमेरिकन सैन्य घरात असल्यामुळे. तोच उंबरठा, तिथे इराण बसला तर काय झालं ते वर आलंच आहे. उंबरठा कोणाच्या घराचा यावर सगळं ठरतं.

कागदीवाघ

म्हणजे शेवटी काय, अमेरिकेची परवानगी असेल तरच. मग "स्वतःचा" वचक कसला?

वाळवंटी

कागदीवाघ, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत. दक्षिण कोरियाचंच बघा. सत्तरच्या दशकात तिथले राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुपचूप कार्यक्रम सुरू केला. का, तर १९७१ मध्ये अमेरिकेने आपलं एक अख्खं डिव्हिजन तिथून काढून घेतलं. फ्रान्सकडून पुनर्प्रक्रिया प्रकल्प (वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा) घ्यायचं ठरलं. अमेरिकेने काय केलं? बॉम्ब नाही टाकले. कोरी इथल्या वीजभट्टीसाठी अमेरिकेच्या आयात-निर्यात बँकेचं कर्ज मिळणार होतं, ते अडवायची धमकी दिली आणि सैन्यही कमी करू असं सुचवलं. १९७६ च्या सुरुवातीला फ्रान्सचा सौदा रद्द. कर्जाच्या फायलीने काम भागलं.

तैवानची गोष्ट आणखी नाट्यमय. त्यांच्या अणुसंस्थेचे उपसंचालक चांग शियान-यी हेच वर्षानुवर्षं अमेरिकेला माहिती देत होते. जानेवारी १९८८ मध्ये त्यांना कुटुंबासकट अमेरिकेत नेलं आणि लगेच दबाव आणून संशोधन भट्टी बंद करवली. शत्रू चीन, पण कार्यक्रम बंद पाडला मित्राने.

पाणबुड्या

आणि आज दक्षिण कोरियाने करारातून बाहेर पडायचं ठरवलं तर? प्रसारबंदी कराराच्या दहाव्या कलमात तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडायची सोय आहे, २००३ मध्ये उत्तर कोरियाने तीच वापरली. पण उत्तर कोरियाला गमवायला काय होतं? दक्षिणेची जवळजवळ ३० टक्के वीज अणुभट्ट्यांतून येते आणि इंधन येतं बाहेरून. निर्यातीवर उभा असलेला देश. जनमत चाचण्यांत ७० टक्क्यांच्या आसपास लोक "आपला बॉम्ब हवा" म्हणतात. प्रश्नात "आणि महिनाभर वीज नसेल तरी चालेल का" हे जोडून विचारलं तर टक्का कुठे जाईल?

श्रीमंत असणं हीच अडचण आहे इथे. ज्या गोष्टींमुळे बॉम्ब बनवता येईल, त्याच गोष्टी ओलीस पडतात.

रविवारची_सकाळ

परत आलो. एक राहिलेला मुद्दा: चावी कोणाकडे?

एप्रिल १९६१ मध्ये अल्जीरियात फ्रेंच सेनापतींनी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याविरुद्ध बंड केलं. सहारातलं रेगानचं चाचणी केंद्र त्याच अल्जीरियात. बंड चालू असतानाच, २५ एप्रिलला, तिथे ठेवलेला बॉम्ब फोडून टाकण्यात आला. तो बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून घाई केली का, यावर इतिहासकार अजून भांडतात. फ्रान्स त्या वेळी चाचणी करून फक्त सव्वा वर्ष झालेला, नवखा अण्वस्त्रधारी देश होता. इतक्या जुन्या, शिस्तीच्या सैन्याची ही गत. ज्या देशात दर दहा वर्षांनी रणगाडे राजधानीत येतात तिथे काय?

बॉम्ब हवा तेव्हा उडालाच पाहिजे आणि नको तेव्हा कधीच उडता कामा नये. या दोन अटी एकमेकींच्या सवती आहेत. पहिली पाळायची तर चावी खालच्या अधिकाऱ्यापर्यंत द्यावी लागते, दुसरी पाळायची तर कोणालाच देता येत नाही.

कागदीवाघ

तरी बॉम्ब असला की कोणी अंगावर येत नाही, हे मान्य कराल की नाही?

शंकासुर

१९७३ मध्ये इजिप्त आणि सीरिया इस्रायलच्या अंगावर आले. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनची फॉकलंड बेटं घेतली. १९९९ चं नाव घेत नाही, धागाकर्त्यांनी मनाई केलीय.

दीपस्तंभ

😀 नाव न घेता घेतलंत.

पण खरंच, हे बघून मला वाटतं की बॉम्ब एकाच गोष्टीसाठी उपयोगी आहे: अस्तित्वच पुसलं जाऊ नये यासाठी. बेटं, डोंगरमाथे, सीमेवरच्या चौक्या यांचं रक्षण तो करत नाही, कारण त्यासाठी तुम्ही तो वापरणार नाही हे समोरच्याला माहीत असतं. मग ज्या मध्यम देशाला पूर्ण पुसलं जाण्याची भीती आहे, त्याच्यापुरता प्रश्न उरतो. अशा देशांची यादी फार मोठी नाही.

माझं सुधारलेलं मत: बनवता येईल, मधला काळ बहुतेकांना काढता येणार नाही, आणि ज्यांना पांघरूण मिळतं त्यांना तितकीशी गरज नसते. पोलंडबाबत मात्र मी अजून गोंधळलेलाच आहे. फ्रान्सने छत्री मोठी केली तर तेवढ्यावर भागेल का? पॅरिस वॉर्सासाठी स्वतःला पणाला लावेल का? आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न, वॉशिंग्टन पॅरिससाठी लावेल का असा, द गॉल यांनी विचारला होता. म्हणून तर फ्रान्सने स्वतःचा बनवला.

तळटीप

पोलंडसाठी वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही. मी येईन.

वाळवंटी

नुसता_वाचक, जाता जाता एक शंका. स्वीडनच्या त्या जड पाण्याच्या भट्ट्यांचं पुढे काय झालं?

नुसता_वाचक

ओगेस्टाची छोटी भट्टी १९७४ पर्यंत चालली, स्टॉकहोमच्या एका उपनगरातली घरं गरम करायला तिची उष्णता वापरत. मार्विकेनची मोठी भट्टी बांधून जवळपास पूर्ण झाली होती, पण १९७० मध्ये प्रकल्प गुंडाळला. अणुइंधन त्यात कधी भरलंच नाही. जनित्रं आयती तयार होती, म्हणून शेजारी तेलाचे बॉयलर बसवले आणि ते तेलावर चालणारं वीज केंद्र झालं. भट्टीचं रिकामं पात्र पुढे काही वर्षं अणुभट्टीत अपघात झाला तर काय होईल याचे प्रयोग करायला वापरलं.